गणपतीच्या चौरंगाला हाताने चपडा पॉलिश

चौरंगाची आठवण श्रावणात होते आणि चपडा म्हणजे लाखेच्या पॉलिशला त्याच्यासारखा वाईट महिना नाही. तरी केलं. अठरा इंची सागवानी चौरंगाला नऊ दिवस लागले. उन्हाळ्यात चार पुरले असते.

आधी जुनं पॉलिश कोणतं ते पाहिलं. खालच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकला, मिनिटाभरात चिकट झाला. म्हणजे चपडाच. मेलामाइन किंवा पीयूसारखं रासायनिक पॉलिश असतं तर काही झालं नसतं आणि सगळं खरवडावं लागलं असतं. इथे स्पिरिट आणि घासणीवर भागलं.

समईच्या तेलाचा डाग घासून जात नाही, उलट पसरतो. चॉक पावडर थिनरमध्ये कालवून त्यावर जाड थापली आणि वाळल्यावर झाडली. तिसऱ्या थराला डाग फिका पडला. हळदीला काही करू नये. दोन दिवस ऊन मिळालं की ती आपोआप उडते. ऊन मिळवणं हाच काय तो प्रश्न. मग 120, 180 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, कायम रेषांच्या दिशेने. आडवा ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, पॉलिश चढलं की चमकतो.

30 ग्रॅम चपडा कुटून 200 मिली स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर ठेवला आणि मलमलमधून गाळला. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. गेल्या वर्षीची उरलेली बाटलीही नको: फार दिवस विरघळून राहिलेला चपडा नीट कडक होत नाही. शंका असेल तर काचेवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख रोवून बघावं.

ब्रशने एक हात मारला, वाळल्यावर 320 फिरवला. सागाची छिद्रं भरायला चॉक पावडरीत पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू घालून पातळ चपड्यात कालवलं. नुसती चॉक पावडर भरली तर छिद्रांत पांढरे ठिपके कायमचे राहतात.

मग बोळा. आत कापूस, बाहेर जुन्या धोतराचं सुती फडकं, तळाला एकही सुरकुती नाही. पॉलिश आतल्या कापसावर ओतायचं, बोळा बरणीत बुडवायचा नाही. कागदावर दाबला की ओलसर ठसा उमटावा, ओघळ नव्हे. हात चालू असतानाच बोळा टेकवायचा आणि चालू असतानाच उचलायचा. मध्ये थांबलात तर खालचा थर विरघळून फडकं चिकटतं आणि तिथे खड्डा पडतो. आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, शेवटी सरळ. बोळा ओढायला लागला तर तळाला जवसाच्या तेलाचं एक बोट. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या पुरेत. बरं दिसतंय म्हणून आणखी दोन मारायचा मोह होतो, नेमकं तेव्हाच बिघडतं.

तिसऱ्या बैठकीला बाहेर झड लागली आणि डोळ्यांदेखत सगळा पृष्ठभाग दुधाळ झाला. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, दमट हवेतलं पाणी थरात अडकतं. उघडी राहिलेली स्पिरिटची बाटलीही हवेतलं पाणी ओढते, म्हणून नवी आणली. वर आणखी थर चढवला असता तर दूध आतच कोंडलं असतं. पाऊस उघडेपर्यंत दोन दिवस थांबलो, मग जवळजवळ नुसत्या स्पिरिटचा, हाताला जेमतेम गार लागेल इतपत ओला बोळा हलकाच फिरवला. दुधाळपणा गेला, वर आलेलं जवसाचं तेलही निघालं.

काम चालू असताना त्या खोलीत निरंजन, उदबत्ती काही नाही. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. ती पाण्यात भिजवून टाकली.

पॉलिश बोटाला कोरडं लागलं तरी आतून कडक व्हायला काही आठवडे जातात. मूर्तीखाली पाट आणि कापड ठेवलं, दूर्वा पाणी निथळून ताटात. ओला तांब्या तेवढा चौरंगावर टेकवायचा नाही, पांढरं कडं उठतं.