64 टाके, 124 सेंटीमीटर: भडक लडीच्या मोज्यांची नोंद

पहिला मोजा टाच सोडून विणून झालाय, दुसरा घोट्याशी आलाय. धागा एकाच लडीत पाच रंगांचा, 75 टक्के मेरिनो लोकर आणि 25 टक्के नायलॉन, 100 ग्रॅमला 400 मीटर. सुया 2.25 मि.मी., स्टीलच्या. गोव्यात लोकरीचे मोजे कोण घालतो, असं विचारणाऱ्याने पणजीहून रात्रीच्या एसी बसने एकदा मुंबई गाठावी.

धाग्याचा गोळा गुंडाळण्याआधी लड टेबलावर गोल पसरून प्रत्येक रंग मोजला: सोलांचा (आमसुलांचा) लाल-जांभळा 30 सें.मी., हळदी 20, पोपटी 24, गडद निळा 30, राणी 20. रंगांचं एक चक्र 124 सें.मी.चं. मग 64 टाक्यांच्या दहा साध्या फेऱ्या विणून, दोन्ही टोकांना खूण करून उसवल्या. धागा भरला 6 मीटर, म्हणजे फेरीला 60 सें.मी. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर चालतं.

दोन फेऱ्यांना 120 सें.मी. लागतात आणि चक्र 124 चं. म्हणून दर दोन फेऱ्यांनी तोच रंग जेमतेम चार टाके पुढे सरकतो. एका फेरीत लाल, वरच्या फेरीत जवळपास त्याच जागी निळा, त्यावर पुन्हा लाल. जवळून बारीक रेघा दिसतात, हातभर लांबून जांभळा डाग. हळदीवर निळा आला तिथे तर शेवाळी गढूळपणा. लडीत इतका सुरेख दिसणारा धागा मोज्यात मळका का वाटतो, त्याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

66 टाके घेतले तर फेरी सुमारे 62 सें.मी.ची होते, दोन फेऱ्यांत चक्र बरोब्बर संपतं आणि रंग उभे रचले जातात. मुद्दाम करायचं असेल तर छान दिसतं. पण 66 ला चारने भाग जात नाही, त्यामुळे मोज्याच्या तोंडाची दोन सुलट-दोन उलटची ताणणारी पट्टी 64 वर विणून नंतर दोन टाके वाढवावे लागतात. शिवाय हात जरा घट्ट-सैल झाला की रांग तिरकी होते. 60 टाक्यांवर रंग चांगले विखुरतात, मात्र 22 सें.मी. घेराच्या पावलाला मोजा टाचेवरून चढेना. तेव्हा 2.5 ची सुई घेऊन पाहिली. टाका मोठा झाला, त्याला धागा जास्त लागला आणि फेरी पुन्हा 60 सें.मी.वर! डाग परत आले. सुई बदलली की फेरी नव्याने मोजायलाच हवी.

शेवटी 64 च ठेवले आणि टाका सोडण्याचा नमुना घेतला. एक फेरी साधी. दुसरीत तीन सुलट, एक टाका न विणता उजव्या सुईवर, धागा मागे. पुढच्या वेळी सोडलेला टाका दोन घरं सरकवायचा. सोळा टाके सुटल्यामुळे त्या फेरीचा धागा 50 सें.मी.च्या आसपास येतो आणि रंग दर दोन फेऱ्यांनी पंधराएक टाके उडी मारतो. सोडलेला टाका खालचा रंग वर ओढतो, त्यामुळे रेघाही मोडतात. मागचा धागा ताणू नका. कापड आवळतं आणि घोट्यावर अडकतं. पावलाला तळव्याचे 32 टाके साधेच विणले, नाहीतर बुटात टोचतं. तिथे रंगांची चाल थोडी बदलली आहे, ती चालवून घेतली.

बांबूच्या सुयांवर पावसाळ्यात धागा घासटतो, हात घामट असतो आणि नकळत टाका आवळला जातो. साध्या विणीत फेरी 60 ची 58 झाली तरी सरक चारवरून नऊ टाक्यांवर जाते. अर्ध्या मोज्यात नक्षी अचानक बदललेली दिसली तर रंगाऱ्याला दोष देण्याआधी आपला हात तपासा.

दुसऱ्या मोज्यासाठी गोळा वजनकाट्यावर 50-50 ग्रॅम केला होता. तो उलट्या टोकाने सुरू केला तर रंगांचा क्रम उलटतो. सरकण्याची दिशा तीच राहते, कारण ती लांबीवर ठरते. जोडी जुळवायची तर टोक तेच धरा आणि सोलांचा रंग सुरू होतो तिथूनच टाके घाला. मध्ये गाठ आली तर पुढचा तोच रंग येईपर्यंत कापा.

टाच मागाहून, वेगळ्या गडद निळ्या धाग्याने. पाळ घालून, म्हणजे टाचेची पट्टी ओळींत पुढे-मागे विणून, टाच केली असती तर ओळ 32 टाक्यांचीच झाली असती आणि एकेक रंग तिथे ठोकळ्यासारखा बसला असता. जागा राखायला 32 टाके पांढऱ्या गुळगुळीत सुती दोऱ्याने विणले, परत डाव्या सुईवर घेतले आणि मूळ धाग्याने विणून फेरी पुढे नेली. दोरा काढल्यावर वर-खाली मिळून 64 टाके उचलायचे, दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन जादा घ्यायचे. पुढच्याच फेरीत ते शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणले की कोपऱ्याचं भोक बुजतं. मग एकाआड एक फेरीत चार-चार कमी करत 24 वर यायचं आणि बारा-बारा टाके सुईने जोडायचे.

धुताना थंड पाणी, खाली पांढरा कपडा. लाल सुटतोच. थंड पाण्यात व्हिनेगर घालून लोकरीचा रंग पक्का होत नाही, त्याला उष्णता लागते. माडाच्या व्हिनेगरचा वास तेवढा राहतो. टुवालात गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून पंख्याखाली ठेवायचं. आत अजून ओल असताना डब्यात भरलं तर बुरशी धरते.