पुराआधी माल हलवायचा: गणेशमूर्तींच्या कारखान्यातला माझा अनुभव

कोल्हापुरात शाहूपुरीतली कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प या दोन्ही ठिकाणी गणेशमूर्ती होतात आणि दोन्हीकडे पंचगंगेचं पाणी शिरतं. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना पोचलं की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला पातळी 55 च्याही वर गेली. कारखान्यात वर्षातला सगळ्यात जास्त माल असतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि पूरही नेमका तेव्हाच. सण तर पुढं ढकलता येत नाही, म्हणून आम्ही वेळापत्रक बदललं.

साच्यातलं काम आता पावसाआधी संपवतो. शाडूला तर ते सक्तीचंच आहे. पावसाळी हवेत मूर्ती आतून लवकर वाळत नाही आणि पंखा लावून घाई केली की कान, सोंड, हाताचे सांधे तडकतात. कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्तींचा मोठा भाग जुलैच्या मध्याआधी कोकणातल्या आणि गावोगावच्या रंगकाम करणाऱ्यांना देऊन टाकतो. रंगवलेल्या मूर्तीपेक्षा नगामागं नफा कमी मिळतो, पण पैसा पुराआधी हातात येतो. आणखी एक कारण आहे. पाऊस लागला की गगनबावडा रस्ता मांडुकलीला, रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ बंद होतो आणि मोठ्या पुरात शिरोलीला महामार्गही. मग ऑर्डर तयार असूनही पोचवता येत नाही.

रंगकाम उंचावरच्या भागात भाड्यानं घेतलेल्या मंगल कार्यालयात हलवलं. आषाढी एकादशीनंतर लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी पडून असतात, त्यामुळं एप्रिलमध्येच बोललं तर भाडं आटोक्यात येतं. शाळेचा हॉल स्वस्त पडला तरी घेऊ नये, पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी तो आधी ताब्यात घेतला जातो. कार्यालयाचाही लेखी करार करावा. विम्यालाही तो लागतो.

गल्लीतला उरलेला माल कधी उचलायचा, हे नुसत्या पातळीवर ठरवून चालत नाही. आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट असतं, तो आकडा भिंतीवर रंगवून ठेवावा आणि पाणी तासाला किती इंच चढतंय ते बघावं. वरच्या बाजूच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडू लागले (एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) की टेम्पोवाल्याला फोन करायचा. पाणी आधी शिरतं त्या सुतारवाड्यातली माणसं घरं सोडायला लागल्यावर टेम्पो मिळत नाही, मिळाला तर दर विचारू नये.

उचलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी रबरी साचे, त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या टणक कवचांसह. ते गेले तर पुढचा हंगामही गेला. मग रंगवलेल्या मूर्ती, त्यानंतर कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन, मग कच्च्या मूर्ती. प्लास्टरची (पीओपीची) पोती जूननंतर जास्त ठेवायचीच नाहीत, पूर नसला तरी दमट हवेनं त्यात गठ्ठे होतात. शाडूची पोती शेवटी, राहिली तरी चालतील. भिजलेला शाडू गाळून, निवळून परत वापरता येतो, अगदी विरघळलेल्या कच्च्या मूर्तीचासुद्धा. मजुरी जाते, माती राहते. प्लास्टर एकदा घट्ट झालं की परत कामाला येत नाही आणि पुरात भिजलेली प्लास्टरची मूर्ती वरून वाळलेली दिसली तरी रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. लोखंडी रॅकवर भरवसा नको. जिथं पुरुषभर पाणी चढतं तिथं रॅकचा उपयोग फक्त वरच्या कप्प्याला.

2020 ला कोरोनामुळं सार्वजनिक मूर्तीला 4 फूट आणि घरगुतीला 2 फूट मर्यादा आली आणि मोठे साचे पडून राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्लास्टरविरोधी मार्गदर्शक तत्त्वं आली. 2025 ला उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती बनवायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला मात्र आधी मनाई आणि नंतर फक्त मोठ्या मूर्तींपुरती सवलत. धोरण असं हिंदकळत असताना आम्ही घरगुती शाडूकडं वळलो. फूट-दीड फुटाची मूर्ती दोन हातांत उचलून जिन्यावरून नेता येते, मंडळाच्या मूर्तीला चार माणसं आणि मोठा दरवाजा लागतो. शाडू जड आणि ठिसूळ, म्हणून खोक्यात भाताचं काड घट्ट भरायचं आणि सोंडेभोवती वेगळं.

मंडळांकडून बुकिंगला एक तृतीयांश रक्कम घेतो, साच्यातून निघाल्यावर आणखी तितकीच. घासाघीस होते, होऊ द्यावी, पण पावतीवर साच्याचा क्रमांक आणि पुरात मूर्ती गेली तर पैसे परत की दुसरी मूर्ती, हे लिहावं.

विमा जानेवारीतल्या थोड्या मालावर काढला तर ऑगस्टमध्ये फसगत होते. 6 लाखांचा माल आणि विमा 3 लाखांचा असेल तर 1 लाखाच्या नुकसानीला साधारण 50 हजारच मिळतात. 2021 पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती कपात लागत नाही, पण निम्म्यानं कमी असेल तर लागतेच. पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे ना, ते बोट ठेवून वाचावं आणि कारखान्याबरोबर मंगल कार्यालयाचा पत्ताही घालून घ्यावा. साचावार नोंदवही आणि दर आठवड्याचे फोटो मोबाईलबाहेरही कुठंतरी ठेवावेत. पाणी ओसरल्यावर चिखल काढायची घाई असते, पण पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची भेट होईपर्यंत खराब मूर्ती फेकू नयेत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेशेजारी टेप लावून फोटो घ्यावा.