सूर्याचा र

सोलापुरात बोर्ड रंगवून पोट भरायचं तर एका लिपीवर भागत नाही. पूर्व भागात तेलुगू लागते, अक्कलकोट-इंडीकडच्या गिऱ्हाइकासाठी कानडी, विजापूर वेशीत उर्दू. मराठी तर हवीच. 2022 साली कायदा बदलल्यापासून ती आधी पाहिजे आणि बाकीच्यांपेक्षा बारीक चालत नाही. मला कानडी मोडकीतोडकी बोलता येते, तेलुगू एक अक्षर वाचता येत नाही. रंगवता मात्र दोन्ही येतात. गणपती रंगवणाऱ्याला गणपती बोलता यावा लागतो का?

एप्रिलची गोष्ट. दाजी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान, नावात ‘सूर्य’ हा शब्द. फ्लेक्स नको, भिंतीवर हातानं रंगवूनच पाहिजे, असं म्हणणारा मालक हल्ली वर्षातून एखादाच भेटतो. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, तीन ओळी: मराठी, कानडी, तेलुगू.

देवनागरीला वरून दोरी मारायची. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की शिरोरेघ मिळते, मग सगळी अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी खाली लोंबतात. कानडी-तेलुगूत तसं काही नाही. तिथं पोटाची जाडी धरावी लागते आणि खाली भरपूर जागा सोडावी लागते, कारण जोडाक्षरातलं दुसरं अक्षर तिकडं पायाशी जातं. आपण पहिल्याची काठी मोडून त्याला अर्धा करतो. ते पहिल्याला अख्खा उभा ठेवून दुसऱ्याला खाली बसवतात. नवीन पोरगा हाताखाली आला की हेच चुकतो. जागा कमी सोडतो आणि पाय चौकटीबाहेर येतात.

माझे उस्ताद सांगायचे, दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी टोकानं कोरत, आडवी रेघ ओढली की पान शिरेवर फाटायचं, म्हणून तिथली अक्षरं गोल झाली. आपली आणि त्यांची, दोन्ही लिप्या जुन्या ब्राह्मीतून निघाल्या. ब्राह्मीतला क म्हणजे नुसतं अधिकचं चिन्ह, उभी आणि आडवी रेघ. अशोकाच्या लेखांत तो तसाच आहे. आपल्याकडं उभी काठी शिल्लक राहिली आणि आडवी वाकून दोन बाजूंना पोटं झाली. कानडी-तेलुगूत काठीसुद्धा वळली. त्या दोघी मुळात एकच लिपी होत्या, वेगळ्या फार उशिरा झाल्या. त्यामुळं माझ्यासारख्याला फरक धरायला डोक्याकडं बघावं लागतं: तेलुगूत बरोबरच्या खुणेसारखी तिरकी टिकली, कानडीत आडवी, टोकाला वळलेली. दोघीही तिला तलकट्टू, तलेकट्टू असंच काहीतरी म्हणतात.

दुपारपर्यंत मराठी-कानडी झाली. जेवून तेलुगू घेतली. मालकाच्या पोरानं मोबाइलवर अक्षरं पाठवली होती. शिडीवर एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, मोबाइल खिशात. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघायचा कंटाळा केला.

खाली उतरलो तर पोरगं डोकं खाजवतंय.

“पेंटर, हे काय लिहिलं बे? सूय आणि पुढं नऊ?”

मोबाइल काढला आणि पोटात गोळा आला. पोराच्या चित्रात अख्खा र होता आणि त्याच्या पायाशी य. मी आधी य काढला होता आणि त्याच्या उजवीकडं कानडीतला आकडा. कानडीत असंच लिहितात. बोलताना र आधी आणि य नंतर, पण लिहिताना य आधी आणि र चं चिन्ह त्याच्या मागं, दिसायला थेट कानडी नऊसारखं. त्याला अर्कावत्तु म्हणतात. (अर्क म्हणजेही सूर्यच, ही गंमत मला रात्री झोपताना सुचली.) सकाळभर कानडी काढून हाताला तेच वळण लागलं होतं. डोक्याच्या टिकल्या तेवढ्या तेलुगू काढल्या होत्या.

कानडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही म्हणा. आपला र काय कमी नखरे करतो? ‘सूर्य’मध्ये तो रफार होऊन पुढच्याच्या डोक्यावर बसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. तिथं तोच र आडवा होऊन य ला चिकटतो. ‘चक्र’मध्ये पायात तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मध्ये उलटी व्ही.

मी टर्पेंटाईनचं फडकं घेतलं, तेवढ्यात आतून पोराचा आजोबा आला. सगळे ताता म्हणतात, मीही म्हणतो. जन्मभर माग चालवलेला माणूस. चष्मा पुसून भिंतीकडं बराच वेळ बघत राहिला आणि हसला.

“कोण म्हणतो चूक? वलपलगिलक हाय ही. माझ्या बापाच्या पोथीत सगळीकडं असंच हाय.”

वलपलगिलक म्हणजे तेलुगूतलं र चं तेच उजवीकडचं चिन्ह. पोराला तो शब्दही माहीत नव्हता. ताता आत गेला आणि फडक्यात बांधलेली छापील पोथी घेऊन आला. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली. त्यानं बोट ठेवलं: ‘धर्म’. आधी म, त्याच्या उजवीकडं तोच आकडा. दोन ओळी खाली पुन्हा. मी पान डोळ्यांजवळ धरून मोजले, एका पानावर सात.

म्हणजे छापील तेलुगूतही एकेकाळी हे चालत होतं. पुढं ते गेलं आणि र अख्खा उभा राहून खालून जोड घ्यायला लागला. आपली अक्षरंही अशीच बदलली. सोलापूर जिल्ह्यातच हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आहे. तो बघायला गेलो होतो तेव्हा मी प्रत्येक अक्षरापाशी अडत होतो. त्या काळच्या पाथरवटाला माझा बोर्ड दाखवला तर तोही डोकं खाजवेल.

ताता म्हणाला, राहू दे तसंच. पोरगं म्हणालं, “गिऱ्हाईक वाचणार कसं, ताता?” आजोबा-नातवाचं तेलुगूत चांगलंच जुंपलं. मला शब्द कळत नव्हते, बोटं मात्र सारखी भिंतीवरच्या आकड्याकडं जात होती. शेवटी मालक बाहेर आला आणि पोराच्या बाजूनं बोलला.

रंग ओला होता, पुसला गेला. पिवळ्यावर लालसर डाग राहिलाच, म्हणून त्या चौकोनाला जमिनीचा दुसरा हात मारून दुसऱ्या दिवशी सकाळी र काढला, पायाशी य लटकवला. जादा दिवसाचे पैसे मागितले नाहीत. निघताना तातानं पत्र्याचा एक तुकडा पुढं केला. त्यावर मी त्याला जुन्या पद्धतीनं ‘सूर्य’ काढून दिला, पोथीत बघून.