आमची वाटचाल : वारा पडला की...

धंदा सुरू केला तेव्हा आम्ही दोघंच होतो. छोटी पवनचक्की विकताना तिची पूर्ण क्षमता मोठ्याने सांगायचो आणि त्यासाठी सेकंदाला 11-12 मीटर वेगाचा वारा लागतो, हे हळूच. पहिलीच तक्रार आली, "पंखा तर फिरतोय, मग बॅटरी का भरत नाही?" जाऊन पाहिलं. पाती निवांत फिरत होती आणि अँपिअर मीटरचा काटा शून्यावर. हलक्या वाऱ्यात जनरेटरचं व्होल्टेज बॅटरीच्या वर चढतच नव्हतं, मग करंट जाणार कुठून? चक्की फिरते म्हणजे वीज देतेच असं नाही, हे विकणाऱ्यांनाच त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या एका ठिकाणी वारा अंगाला लागत होता, पण चक्की हलेना. पातं हाताने ढकललं तर अडकत अडकत सरकलं. जनरेटरमधली चुंबकं लोखंडी दात्यांना धरून बसतात. ती पकड सुटेल एवढा जोर वाऱ्यात नव्हता. एकदा सुटली की मात्र त्याच वाऱ्यात फिरत राहते.

तेव्हापासून आधी कागदावर हिशोब. पात्यांच्या घेराचा व्यास 3 मीटर आणि वारा सेकंदाला 3 मीटर असला, तर त्या वाऱ्यातच जेमतेम 117 वॅट असतात. यंत्राच्या हाती त्यातले 30 टक्के धरले तरी 35. वारा दुप्पट झाला तर हेच आठपट. कागद पाहून काही गिऱ्हाइकं परत गेली. गेली तर गेली.

पुढे मोठ्या पवनचक्क्यांच्या देखभालीची कामं मिळाली. तिथे वारा पडला की आमचा दिवस उजाडतो, कारण वर चढायचं ते तेव्हाच. बहुतेक यंत्रं वारा सेकंदाला 3-4 मीटरच्या खाली गेला की वीज देत नाहीत, तरी पाती संथ फिरू देतात. ब्रेक लावून ठेवला तर बेअरिंगचे रोलर एकाच जागी थरथरत राहतात आणि तिथे झिजून खळगे पडतात. लोक विचारतात, "दिसायला म्हणून वीज देऊन फिरवता का?" नाही हो! ग्रिडची थोडी वीज लागते खरी, पण ती कंट्रोल, पंप आणि टॉवरवरचं डोकं वाऱ्याकडे वळवणाऱ्या मोटरींना.

एकदा नवा पोरगा खालून ओरडला, "वाऱ्याचा पत्ता नाही आणि डोकं गिरक्या का घेतंय?" वाऱ्यामागे वळून वळून टॉवरमधल्या केबलला पीळ बसतो. तो उलगडत होता. वारा असताना त्यासाठी वीज थांबवावी लागते.