उजेड कुठल्या बाजूचा?

कागदाचे हस्तकाम करणाऱ्याने सर्वांत आधी उजेडाची बाजू ठरवावी. रंग, मजकूर, शिक्के आणि कातरलेली फुलेपाने यांचा विचार नंतर करता येतो. शुभेच्छापत्र टेबलावर ठेवून खिडकीच्या उजेडात पाहिले जाणार असेल, तर उजेड समोरून किंवा कडेने येतो. त्याच्या पोटात दिवा बसवला असेल तर तो मागून येतो, आणि मग दिवसा देखणे वाटणारे काम अगदी निराळे दिसू लागते. आतल्या चिकटपट्ट्या उघड्या पडतात, गोंदाचे ओघळ दिसतात आणि हौसेने उठवलेली नक्षी नाहीशी होते. हे न ठरवता सजावटीवर सजावट चढवत जाणे हा आमच्या छंदातला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपूरकराला ही गोष्ट समजून घ्यायला लांब जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची आहे. बांबूच्या सांगाड्यावर उभारलेल्या या पुतळ्या आणि त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, भर दिवसा, गर्दीच्या डोक्यांवरून पाहायचे असतात, म्हणून त्यांचे रंग भडक आणि भरीव असतात. पतंगाचे गणित नेमके उलटे आहे. संक्रांतीच्या आधी जुनी शुक्रवारीतल्या दुकानांत पाहावे: चांगल्या पतंगावर नक्षी छापलेली नसते, तर वेगवेगळ्या रंगांच्या पातळ कागदांचे तुकडे जोडून ती साधलेली असते, कारण पतंग आपण आकाशाच्या उजेडाविरुद्ध पाहतो आणि कागद आरपार रंगलेला असेल तरच तो वर गेल्यावर लाल किंवा हिरवा दिसतो. वरवर छापलेला रंग तिथे मळकट वाटला असता. दिवाळीचा आकाशकंदील तर मागून येणाऱ्या उजेडासाठीच जन्माला आलेला आहे. ही तिन्ही कामे करणाऱ्यांना कोणी सिद्धान्त शिकवला नसेल, पण प्रत्येकाने आपल्या उजेडाप्रमाणे कागद निवडलेला आहे.

आता डायविषयी, म्हणजे कागद ठरावीक आकारात कापणाऱ्या साच्याविषयी. लग्नपत्रिका आणि मिठाईचे खोके करणाऱ्या कारखान्यांत प्लायवुडमध्ये पोलादी पाती वाकवून बसवलेली असतात आणि पात्यांच्या कडेला स्पंज किंवा रबर लावलेले असते, म्हणजे कापलेला पुठ्ठा पात्यात अडकून न राहता बाहेर ढकलला जातो. तिथे त्याला पंचिंग म्हणतात. घरगुती यंत्र याचीच धाकटी आवृत्ती आहे: पातळ धातूची डाय, तिच्याखाली कागद, वर आणि खाली प्लास्टिकच्या पाट्या, आणि हे सारे दोन रुळांमधून हाताने फिरवून काढायचे. पाट्या करकरतात, आणि नवख्याला काहीतरी मोडले असे वाटते. ते तसेच वाजायचे असते. बारीक जाळीचा कागद डायमध्ये घट्ट बसतो, म्हणून मधे बटर पेपरचा तुकडा घालावा आणि उरलेले कण सुईने मागच्या भोकांतून ढकलावेत. यंत्राने कापले म्हणजे ते हाताचे काम राहिले नाही, असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण यंत्र फक्त छिद्र पाडते. छिद्रातून काय दिसावे हे त्याला ठाऊक नसते. जाळी सपाट चिकटवली तर ती केवळ रंगाचा फरक दाखवते. तीच फोमच्या दुहेरी चिकटपट्टीवर दोन मिलिमीटर उचलली की खाली सावली पडते, आणि त्या सावलीमुळे साध्या पांढऱ्यावर पांढऱ्या कामालाही जीव येतो.

उठावाचे, म्हणजे ज्याला सर्रास एम्बॉसिंग म्हणतात ते काम कडेच्या उजेडाचे आहे, आणि त्यात नागपूरचे हवामान स्वतःचे मत नोंदवल्याशिवाय राहत नाही. एम्बॉसिंग फोल्डरच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला त्याच आकाराची खाच असते. मधे कागद दाबला की त्याचे तंतू ताणले जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना कागदात ओल अशी उरतच नाही, आणि कोरडे तंतू ताणण्याऐवजी तुटतात. म्हणून दाबण्यापूर्वी कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. उलट त्याच खोलीत वाळ्याचा कूलर सुरू असेल, तर टेबलावर मोकळा ठेवलेला कागद तासाभरात वळू लागतो, कारण ओलावा शोषणारे तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात आणि गिरणीच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. घडीही त्या दिशेने घातली तर स्वच्छ येते आणि आडवी घातली तर कडेला चिरते, विशेषतः कागद अडीचशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम वजनाच्या, पुढचा असला तर. इतवारीतला एक कागदविक्रेता ताव हातात देताना म्हणाला होता, “भाऊ, आधी दोन्हीकडून वाकवून पाहा, मंग पैसे द्या.” ज्या बाजूने कागद सहज वाकतो त्या बाजूला घडी, एवढीच ती परीक्षा. हातकागदाला ही परीक्षा फारशी लागत नाही. साचा हलवताना त्याचे तंतू सगळीकडे पसरतात, त्यामुळे त्याला ठाम दिशा नसते. वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामात हातकागदाला मानाचे स्थान होते, आणि तसा खडबडीत कागद कडेच्या उजेडात धरला की त्यावर वेगळी नक्षी उठवण्याची गरजच वाटत नाही. त्यावर टेक्श्चर पेस्ट फासणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी अधिक न बोलणे बरे.

शिक्क्यांची या शहराला कमतरता असण्याचे कारण नाही, कारण उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि हिवाळी अधिवेशन असलेल्या गावात रबरी शिक्के करून देणारे कारागीर असणारच. ‘सत्यप्रत’ कोरणाऱ्या माणसाकडे पळसाच्या फुलाचे चित्र घेऊन गेलात तर तो क्षणभर आपल्याकडे पाहतो, पण शिक्का उत्तम करून देतो. शाईची निवड मात्र आपली आपण करावी लागते. डाय शाई, जिचा कापायच्या डायशी काही संबंध नाही, कागदात मुरते आणि मागून उजेड आला तरी थोडीफार रंगीत राहते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते, समोरच्या उजेडात गडद आणि सुरेख दिसते, पण दिवा लागताच तिची नुसती काळी आकृती उरते. ओल्या शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकून ती हीट गनने वितळवली तर रेषा आणखी अपारदर्शक होते. हा दोष मानायचा की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे; झाडाच्या फांद्या आणि पक्षी यांना ती काळी आकृती शोभते, माणसाच्या चेहऱ्याला शोभत नाही.

दिव्याचे सामान सीताबर्डीत सहज मिळते: एलईडी, तांब्याची चिकटपट्टी आणि सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी. त्या आकड्यातच तिचे माप आहे, म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. म्हणून दोन मिलिमीटरच्या फोमपट्टीचा एकच थर दिलेल्या पत्रात ती मावत नाही, आणि वरचा कागद तिच्या जागी फुगून राहतो. एलईडीचा लांब पाय धन टोकाला जोडायचा असतो. लाल आणि पांढरा दिवा एकाच बॅटरीवर समांतर जोडला, तर लाल लागतो आणि पांढरा जवळजवळ मरतो, कारण लालला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात, आणि तीन व्होल्टची ही लहानशी बॅटरी लालच्या ओढीने खाली येते. त्यामुळे लाल प्रकाश हवा असेल तर पांढऱ्या दिव्यावर लाल पतंगी कागद चिकटवणे शहाणपणाचे. दिवा जाळीच्या अगदी मागे टेकवला तर एक टोचणारा ठिपका दिसतो. मधे ट्रेसिंग पेपर आणि काही मिलिमीटरची पोकळी ठेवली तर तोच प्रकाश जाळीभर पसरतो. लहान मुलांसाठी पत्र असेल तर बॅटरी सुटी राहू देऊ नये. गिळली गेल्यास ती अन्ननलिकेला गंभीर इजा करते, म्हणून तिचा कप्पा चारही बाजूंनी पक्का बंद करावा, मग ती बदलताना पत्र फाडावे लागले तरी चालेल.

लुकलुकणारे दिवे मला पत्रात आवडत नाहीत. प्रकाश स्थिर असला तर डोळा सावल्या शोधतो, जाळीच्या मागची पाने मोजतो, कडेला उठवलेली वेल पाहतो; दिवा सारखा उघडझाप करू लागला की सगळे लक्ष त्याच्याकडे जाते आणि बाकीचे काम केले काय न केले काय, सारखेच. माझ्या पुतणीला मात्र लुकलुकणारेच हवे आहेत, आणि पत्र तिच्या वाढदिवसाचे असल्यामुळे तेच बसवायचे ठरले आहे. त्या पत्रावर उठावाचे काम करण्यात मी वेळ घालवणार नाही.