आदोकीन आणि दुकान

स्पॅनिशचा वर्ग करून माद्रिदला गेले होते. क्रियापदं चालवता येत होती, पण फुटपाथला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मग एका सकाळी वही घेतली आणि ला लातिना भागात चालत निघाले. दिसेल त्या वस्तूचं नाव विचारायचं, एवढंच ठरवलं होतं.

फुटपाथ म्हणजे आथेरा, त्याची कड बोर्दियो, दिव्याचा खांब फारोला, पिवळी टपालपेटी बुथोन. मान्थाना म्हणजे सफरचंद. पण रस्ता विचारला तर लोक "दोस मान्थानास" म्हणतात, तेव्हा चहूबाजूंनी रस्ता असलेले इमारतींचे दोन गट ओलांडायचे असतात. हेच मेक्सिकोत गेलात तर फुटपाथची बांकेता होते, आर्जेन्टिनात वेरेदा.

गल्ल्यांची नावं मात्र मला विचारावी लागली नाहीत. कोपऱ्यावरच्या रंगीत फरशांवर नावाखाली चित्रंच काढलेली होती. कुचियेरोस म्हणजे सुऱ्या करणारे, बोर्दादोरेस म्हणजे भरतकाम करणारे, लातोनेरोस म्हणजे पितळेचं काम करणारे. मी कसबा पेठेत वाढले, तांबट आळीतली ठोकाठोक ऐकत. लातोनेरोसच्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते.

पुढे एका उतारावर रस्त्याचे दगड उखडून पुन्हा बसवणं चाललं होतं. गुडघ्याखाली रबराची गादी घेतलेले एक वयस्कर गवंडी हातोडीच्या दांड्याने दगड ठोकून सपाटी बघत होते. मी बोट दाखवलं. त्यांनी एक दगड उचलून माझ्या हातात दिला. चौकोनी, करडा ग्रॅनाइट. वरची बाजू पावलांनी गुळगुळीत झालेली, खालची अजून खडबडीत. "आदोकीन, ईहा. आ-दो-कीन," ते म्हणाले. ईहा म्हणजे मुली, बाळा.

रात्री कोशात बघितलं. आदोकीन अरबीतून आलेला, मूळ शब्द 'दुक्कान', म्हणजे बसायचा ओटा. त्याच ओट्यावर माल मांडू लागले आणि शब्दाला विक्रीच्या जागेचा अर्थ आला. तो फारसीतून आपल्याकडे पोचला. माझ्या वडिलांचं दुकान आणि तो हातातला दगड, एकाच शब्दाची दोन घरं! मला झोप येईना.

दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगण्यासाठी फोटो काढायला गेले. दगड बसवून झाले होते, सांध्यांत नवी वाळू भरली होती.