बोहाड्याची मुक्कामी गाडी

जव्हार स्टँडवरून माझी गाडी सुटायची वेळ सव्वासातची. त्या संध्याकाळी पावणेआठ झाले तरी मी डबल बेल दिली नव्हती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत गाडी मुद्दाम धरून ठेवली ती तेवढी एकदाच.

मी मूळचा परभणीकडचा, पण कंडक्टरकी सगळी या डोंगरात गेली. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्याची मुक्कामी गाडी तेव्हा माझ्याकडे होती. रात्री नऊला पोचायचं, समाजमंदिरात पथारी टाकायची, पहाटे पावणेसहाला पहिली फेरी घेऊन निघायचं. भात झोडून झाला, नाचणी-वरई घरात आली, की कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी आणि पोरं घेऊन याच गाडीनं खाली उतरतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. होळीला चार दिवस येतात, पुन्हा जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात माझ्या परतीच्या फेरीला आठ-दहा तिकिटं, त्यातली निम्मी म्हाताऱ्यांची. पाड्यात कोण उरलंय ते मला तिकिटाच्या मशीनवर दिसतं.

आणि बोहाडा येतो नेमका याच रिकाम्या दिवसांत.

जव्हार-मोखाड्यात आणि पलीकडे नाशिकच्या डोंगरपट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हा देवीचा उत्सव होतो. रात्रभर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात. तोंडावर लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा रंगवलेला मुखवटा, पुढे संबळ आणि सनई, दोन्ही बाजूंना पेटते टेंभे. सुरुवात गणपतीनं, आणि शेवटी पहाटे जगदंबा आणि महिषासुर यांची लढाई. आमच्या पाड्यात सोंग घराचं असतं. रावण या घराचा, नरसिंह त्या घराचा, बापाकडून मुलाकडे. पगारी माणूस एकही नाही. कोणी लाकूडफाटा आणतो, कोणी टेंभ्यांचं तेल बघतो, कोणी पाण्याचे पिंप भरतो. एप्रिल-मेमध्ये तिथे पिण्याचं पाणीसुद्धा टँकरनं येतं. अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावावर ही वेळ यावी याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवशी उत्सवाचे पंच असलेले बाबा स्टँडवर आले होते. वय सत्तरीच्या पुढे. काखेत वर्गणीची वही.

“मास्तर, गाडी जरा धरा. चौदा गडी भिवंडीच्या गाडीत आहेत. महिषासुर त्यांच्यातच आहे.”

फोन लागत नव्हता. विक्रमगडवरून वर येताना मधे रेंज जाते. मी वेळ काढायला वही बघायला मागितली. पानाच्या डावीकडे सोंग, उजवीकडे घर आणि कोण नाचणार त्याचं नाव. चाळीसेक ओळी. बऱ्याच ओळींत उजवीकडे फक्त एक फुली.

“ही बंद?”

“बंद नाही. ती घरं आली नाहीत. गेल्या वर्षी मुखवटा पाटावर ठेवून नुसता फिरवला. कोरोनाची दोन वर्षं तर पेटीसुद्धा उघडली नव्हती. माणूस नसला तरी देवीला तोंड तरी दिसलं पाहिजे.”

“दुसरा कोणी नाचला तर?”

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाचंल ना. पण मग ते घर पुढच्या साली कशाला येईल?”

माझ्या डोक्यात ते तिथे लख्ख शिरलं. मी समजत होतो उत्सव वर्गणीवर अडतो. वर्गणी तर भट्टीवरूनही येते, कोणाच्या तरी हाती पाठवली जाते. अडतं ते माणसावर, आणि सोंग त्या माणसाला गावात परत आणायचं काम करतं. ड्रायव्हरकडे बघितलं. त्यानं इंजिन बंद केलं. कंट्रोलरना जाऊन सांगितलं की जोडगाडीचे प्रवासी यायचे आहेत, आणि उशिराची जबाबदारी माझ्या नावावर लिहून दिली.

सात पन्नासला भिवंडीची गाडी लागली. चौदा नाही, अकरा उतरले. तिघांना सोडलं नव्हतं. उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटलेली नाही म्हणून मुकादमानं अडवलं होतं. आलेल्यांनाही एका रात्रीचीच मोकळीक, बायकापोरं तिकडेच ठेवून. महिषासुराचा माणूस तिशीचा, किडकिडीत. पायांच्या भेगांत विटांची लाल माती तशीच. दिवसभर उपवास होता त्याचा. गाडीत तो उभाच राहिला, बसला तर झोप लागेल म्हणून.

मी त्या रात्री पथारी टाकलीच नाही. पहाटे साडेतीनच्या सुमाराला संबळाचा ठेका बदलला आणि तो गल्लीच्या टोकाला दिसला. मुखवटा छातीपर्यंत आलेला, शिंगं काळी, जीभ लाल. मागे दोघांनी कमरेचा पट्टा धरलेला, तरी तो त्यांना ओढत पुढे येत होता. तीन पावलं पुढे, एक मागे, मान डावीकडून उजवीकडे. गाडीत मी पाहिलेला थकलेला माणूस त्यात कुठेच नव्हता. जगदंबा समोर आली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी पदर पसरले. मध्ये एकदा तीन मुखवटे पाटावरून फिरले, न आलेल्या तिघांचे. त्यांच्यापुढेही संबळ तेवढ्याच जोरात वाजला.

पावणेसहाला अकराही जण गाडीत होते. महिषासुराच्या कपाळावर दोरीचा वळ होता आणि मांडीवर फडक्यात बांधलेला नारळाचा प्रसाद, पोरांसाठी. त्याला जव्हारचं तिकीट दिलं. बाबा खिडकीशी आले, वहीचं शेवटचं पान उघडलं आणि मला नाव विचारलं. डावीकडे त्यांनी लिहिलं होतं ‘मुक्कामी गाडी’. उजवीकडची जागा मोकळी होती.

मी नाव सांगितलं. पुढच्या चैत्रात ड्युटी लावताना मीच तो शेड्यूल मागून घेतला.